मुखपृष्ठ आहे, अंक नाही

१९४१ सालचा वसंत ऋतू. अमेरिकेतल्या एखाद्या शहरात नाक्यावर वर्तमानपत्रांचा ठेला आहे आणि ठेल्यावर दहा-दहा सेंटचे कॉमिक्सचे अंक लटकवलेले आहेत. त्यांत एक अंक जरा जाडजूड, किंमत पंधरा सेंट. नाव 'वर्ल्ड्स बेस्ट कॉमिक्स', पुढच्याच अंकापासून ते बदलून 'वर्ल्ड्स फायनेस्ट' झालं. मुखपृष्ठावर सुपरमॅन, बॅटमॅन आणि पोरगेला रॉबिन असे तिघं एकत्र, अगदी सख्खे मित्र असल्यासारखे. एखादा मुलगा खिशातली सगळी चिल्लर मोजून तो अंक घेतो, घरी येऊन पालथा पडून उघडतो. आत सुपरमॅनची गोष्ट वेगळी आणि बॅटमॅनची वेगळी. दोघांची साधी गाठसुद्धा पडत नाही!

हा प्रकार एकदा झाला असता तर छपाईतली चूक म्हणून सोडून देता आलं असतं. पण तो चालला तब्बल तेरा वर्षं. मुखपृष्ठावर तिघं कधी बर्फावरून घसरताहेत, कधी बेसबॉल खेळताहेत, आणि आत मात्र दोन स्वतंत्र संसार. १९५२ मध्ये सुपरमॅनच्या ७६ व्या अंकात एका जहाजावर क्लार्क केंट आणि ब्रूस वेन यांना एकच खोली मिळाली आणि एकमेकांचं गुपित कळलं. 'वर्ल्ड्स फायनेस्ट'मध्ये ते एका गोष्टीत आले ते १९५४ साली, ७१ व्या अंकात. कारण काय? पानं कमी झाली, किंमत दहा सेंटवर आली आणि दोघांना दोन वेगळ्या गोष्टी द्यायला जागाच उरली नाही. मैत्रीपेक्षा कागदाची काटकसर कामाला आली म्हणायची.

मला आज ज्या हौसेबद्दल सांगायचं आहे तिचं मूळ मला या तेरा वर्षांत दिसतं. अमेरिकेत कॉमिक्सचे काही चाहते असे आहेत, की ते कधीच न निघालेल्या अंकांची मुखपृष्ठं तयार करतात. एका प्रकाशनाचा नायक आणि दुसऱ्या प्रकाशनाचा नायक एका चित्रात आणायचे. वर मासिकाचं नाव, कोपऱ्यात अंक क्रमांक, महिना, किंमत, खाली कथेचं ठसठशीत शीर्षक. सगळं इतकं चोख, की जुन्या बाजारात हा अंक शोधायला निघावं. दोन वेगळ्या घरांतली पात्रं अशी एकत्र आणण्याला तिकडे 'क्रॉसओव्हर' म्हणतात. हे क्रॉसओव्हर मात्र मुखपृष्ठावर सुरू होतं आणि तिथेच संपतं.

हे काम फक्त मुखपृष्ठावर कसं भागतं, असं कुणी विचारील. त्यासाठी त्या धंद्याची एक रीत माहीत हवी. डीसी प्रकाशनाचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ हे पुष्कळदा गोष्टीच्या आधी मुखपृष्ठ ठरवत. चित्रकार कार्माइन इन्फंटिनो एखादं विलक्षण दृश्य काढून आणायचा, नायक पार अडकलेला, सुटकेचा मार्ग दिसत नाही असं. मग ते चित्र लेखकापुढे टाकून संपादक म्हणायचे, आता याची गोष्ट लिहा. मी कविता लिहिणारा माणूस. हे वाचलं तेव्हा मला तरही मुशायरा आठवला. तिथे आधी एक मिसरा देतात आणि त्याच जमिनीत प्रत्येक शायराने आपली गझल बांधायची असते. श्वार्ट्झसाहेब मिसरा देत होते. काल्पनिक मुखपृष्ठ करणारा चाहताही मिसराच देतो, गझल बघणाऱ्याने मनातल्या मनात पुरी करायची.

१९६१ च्या सप्टेंबरचा 'फ्लॅश' मासिकाचा १२३ वा अंक घ्या. मुखपृष्ठावर मध्ये भिंत, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दोन माणसं जिवाच्या आकांताने धावताहेत. दोघांचं नाव फ्लॅश. एक १९४० च्या दशकातला, मधल्या काळात बंद पडलेला, दुसरा नवा. दोघांना एकत्र आणायला लेखक गार्डनर फॉक्स यांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. नवा फ्लॅश जुन्याला ओळखतो, कारण लहानपणी त्याने त्याची कॉमिक्स वाचलेली असतात! म्हणजे नायकच चाहता. पृथ्वी एक नसून दोन आहेत आणि एकीवर जे घडतं ते दुसरीवर गोष्ट म्हणून छापलं जातं, अशी ती कल्पना. पुढे या दोन पृथ्वींवर डीसीचा केवढा तरी डोलारा उभा राहिला.

याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली. श्वार्ट्झ यांनी वाचकांची पत्रं छापताना पूर्ण पत्ते छापायला सुरुवात केली. त्यामुळे एका गावातल्या वेड्याला दुसऱ्या गावातला वेडा सापडला. डेट्रॉइटमधल्या जेरी बेल्स या प्राध्यापकाने १९६१ मध्येच 'ऑल्टर इगो' नावाचं चाहत्यांचं नियतकालिक काढलं, तेही स्पिरिट डुप्लिकेटर नावाच्या साध्या यंत्रावर प्रती काढून. आपल्याकडच्या अनियतकालिकांची आठवण व्हावी असा मामला. अशा अंकांतून चाहते आपली आवडती पात्रं स्वतः चितारू लागले. संपादकाला जे सुचलं नाही किंवा वकिलाने करू दिलं नाही, ते कागदावर आणू लागले.

वकील म्हणालो ते उगाच नाही. सुपरमॅन डीसीचा, स्पायडरमॅन मार्व्हलचा. दोघांची घरं तेव्हा न्यूयॉर्कमध्येच, चित्रकार-लेखक या घरातून त्या घरात ये-जा करणारे, पण पात्रांना उंबरठा ओलांडायची मनाई. लेखकांनी यातूनही चोरवाट काढली होती. व्हरमाँट राज्यातल्या रटलंड या लहान गावात हॅलोवीनला मिरवणूक निघते आणि माणसं सुपरनायकांची सोंगं घेऊन तीत नाचतात. १९७२ साली स्टीव्ह एंगलहार्ट, लेन वीन आणि गेरी कॉन्वे या तीन मित्रांनी तीन गोष्टी लिहिल्या. दोन मार्व्हलच्या मासिकांत, एक डीसीच्या. तिन्ही त्याच रात्री त्याच मिरवणुकीत घडतात आणि तिन्हींत हे तिघं मित्र स्वतः पात्रं म्हणून हिंडतात. प्रत्येक अंक आपल्या जागी पुरा. तिन्ही शेजारी ठेवून वाचले की कळतं, दोन कंपन्यांची पात्रं एकाच गावच्या रस्त्यावर होती. कुणाची परवानगी नाही, कागदोपत्री कुठे नोंद नाही. सोंगाआडून सीमा ओलांडली गेली.

पुढे चार वर्षांनी, १९७६ च्या आरंभी, परवानगीही मिळाली. सुपरमॅन आणि स्पायडरमॅन समोरासमोर आले. अंक भला मोठा, जवळजवळ वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढा, किंमत दोन डॉलर. साधा अंक तेव्हा पंचवीस सेंटला मिळत होता. कॉन्वे यांची कथा, रॉस अँड्रू यांची चित्रं, डिक जिओर्दानो यांची शाई. कोण मोठा, कोण लहान असं वाटू नये म्हणून दोघांना सारखा मान देण्याची सगळी खबरदारी. दोन श्रीमंत घरांतलं लग्न ठरवताना याद्या करतात तसं ते. शिवाय अँड्रूंचा काही ठिकाणचा सुपरमॅन डीसीतल्या नील अॅडम्स यांनी पुन्हा काढला आणि स्पायडरमॅनच्या बाजूचे काही चेहरे मार्व्हलच्या जॉन रोमिता यांनी सुधारले, दोघांची नावं अंकात नाहीत. म्हणजे एका चित्रावर दुसऱ्याचं चित्र बसवायचं, सांधा दिसू द्यायचा नाही, हे कारखान्यातही चालतच होतं.

चाहत्याचं कसब याच सांध्यात असतं. पूर्वी कात्री, गोंद, ट्रेसिंग पेपर आणि झेरॉक्स ही हत्यारं होती, नंतर स्कॅनर आणि संगणक आले. पण डोळा तोच लागतो. एका मुखपृष्ठावरून बॅटमॅन कापला, दुसऱ्यावरून हल्क. बॅटमॅनवर उजेड डावीकडून पडलाय आणि हल्कवर उजवीकडून, आता काय? एकाला आरशातल्यासारखा उलटवावा, तर छातीवरचं चिन्ह उलटं होतं. एका चित्रकाराची रेघ जाड, दुसऱ्याची केसासारखी. सुपरमॅन वर बघतोय, तर त्याच्या नजरेच्या टोकाला काहीतरी हवं. आणि हे सगळं जमलं तरी सनावळी चुकली की सारं फसतं. १९७३ चा अंक असेल तर किंमत वीस सेंटच हवी, १९७५ चा असेल तर पंचवीस. कोपऱ्यात कॉमिक्स कोडचा शिक्का हवा, कारण १९५४ पासून तो ठेल्यावर जाण्याचा परवानाच होता. मात्र २०११ मध्ये शेवटच्या कंपन्यांनीही तो सोडला, त्यामुळे २०१२ च्या अंकावर तो छापलात तर जाणकार हसणार. मार्व्हलच्या अंकावर डाव्या कोपऱ्यात नायकाच्या लहानशा चित्राची चौकट १९६३ पासून दिसू लागली. स्टीव्ह डिटको यांच्या सुचवणुकीवरून ती आली. चळतीत दडलेल्या अंकाचाही कोपरा दिसावा, हा तिचा उपयोग. ज्याची चळत कधी लागणारच नाही अशा अंकावर चाहते ती निष्ठेने काढतात.

आता कुणाला कुणाशी भेटवायचं? नुसते दोन दांडगे समोर उभे करणं मला तरी बाळबोध वाटतं. खरी मजा जुळणाऱ्या जोडीत असते. १९७१ साली काही आठवड्यांच्या अंतराने दोन कंपन्यांनी दलदलीतून उठणारा एकेक प्राणी आणला, मार्व्हलचा 'मॅन-थिंग' आणि डीसीचा 'स्वॅम्प थिंग'. पहिल्यावर काम करणारे कॉन्वे आणि दुसऱ्याचे लेखक वीन तेव्हा एकाच खोलीत राहत होते! ही दोन चिखलातली भावंडं कधीतरी भेटावीत असं वाटणारच. कॅप्टन मार्व्हलचं तर त्याहून अवघड. १९४० मध्ये फॉसेट कंपनीने या नावाचा नायक आणला आणि तो धो धो खपला. हा आमच्या सुपरमॅनची नक्कल, म्हणून डीसी कोर्टात गेली. १९५३ मध्ये तडजोड होऊन फॉसेटने तो बंद केला. नाव मोकळं पडलं, तेव्हा १९६७ मध्ये मार्व्हलने त्याच नावाचा आपला वेगळा नायक उभा केला. पुढे १९७२ मध्ये डीसीनेच जुन्या कॅप्टनचे हक्क घेतले, पण मासिकाला त्याचं नाव देता येईना; मासिक निघालं 'शझॅम' नावाने. एक माणूस स्वतःच्या घरात आहे आणि दारावरची पाटी दुसऱ्याच्या नावावर. या दोन कॅप्टनांना एका मुखपृष्ठावर आणणं कुठल्याही कंपनीला सोपं नाही. चाहत्याला एक संध्याकाळ पुरते.

हा नावाचा घोटाळा आपल्याकडच्या माझ्या वयाच्या वाचकांना नवा नाही. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ च्या मार्चमध्ये सुरू केलेली इंद्रजाल कॉमिक्स आम्ही मराठीतून वाचली, आणि त्यात ली फॉक यांचा फँटम 'वेताळ' झाला होता. इकडे 'चांदोबा'त राजा विक्रमाच्या खांद्यावरचा, प्रेतात शिरून गोष्ट सांगणारा दुसरा वेताळ ठाण मांडून बसलेला. मी पाचवी-सहावीत असताना जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे एक मुखपृष्ठ केलं होतं. झाडाला उलटा लटकलेला वेताळ, खाली पांढऱ्या घोड्यावर बुरख्यातला वेताळ, वर लाल शाईत 'वेताळ विरुद्ध वेताळ', किंमत एक रुपया. भाईजानने ते हातात घेतलं, मागची बाजू बघितली, तिथे कॅलेंडरचा फेब्रुवारी होता. "आत काय आहे?" "आत नाहीये काही." "मग रुपया कशाचा?" मला उत्तर देता आलं नाही. क्रॉसओव्हर हा शब्दही तेव्हा माहीत नव्हता. इंद्रजालची बरीचशी मुखपृष्ठं आपल्याच चित्रकारांनी इथे रंगवलेली होती, गोष्ट अमेरिकेची आणि वेष्टण इथलं, हेही पुढे फार उशिरा कळलं. १९७७ मध्ये वेताळाचं डायनाशी लग्न झालं तेव्हा जादूगार मँड्रेक वऱ्हाडात होता. त्याला कुणाची आडकाठी नव्हती. दोघांचा जन्मदाता एकच, मालक कंपनीही एकच.

भाईजानच्या प्रश्नाला अमेरिकेतही एक जुनं उदाहरण आहे आणि ते धंद्याचंच आहे. एखाद्या नावाचा हक्क राखून ठेवायचा तर त्या नावाचा अंक निघाला आहे असं दाखवावं लागे. म्हणून १९४० च्या सुमाराला कंपन्या हातावर मोजता येतील इतक्या प्रती काढत. वर नव्या नावाचं घाईघाईने जुळवलेलं मुखपृष्ठ, आत दुसऱ्याच कुठल्या तरी अंकाची पानं. यांना 'अॅशकॅन', म्हणजे राखेचा डबा, असं नाव पडलं, लायकी तेवढीच. हे अंक विकायचे नसतच. मुखपृष्ठ आहे आणि त्याचा अंक नाही, हा खेळ कंपन्यांनी आधी खेळला. फरक एवढा, की त्यांचा हेतू दुसऱ्या कुणी ते नाव वापरू नये हा होता.

मालकी या शब्दापाशी मला नेहमी क्लीव्हलँडची दोन मुलं आठवतात. जेरी सीगल आणि जो शुस्टर. यांनी शाळेत असताना 'सायन्स फिक्शन' नावाचं चाहत्यांचं नियतकालिक स्वतः प्रती काढून टपालाने विकलं होतं. जानेवारी १९३३ च्या अंकात सीगलची एक कथा आणि शुस्टरची चित्रं आहेत आणि तिच्या नावात 'सुपरमॅन' हा शब्द आहे. तो सुपरमॅन खलनायक होता. त्याला नायक करून ही जोडी पाच वर्षं दारोदार फिरली आणि १९३८ मध्ये तेरा पानांच्या गोष्टीसह त्याचे सगळे हक्क १३० डॉलरना विकून बसली. पुढची कित्येक वर्षं कोर्टात गेली. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध नायकाची सुरुवात चाहत्यांच्या हातछपाईच्या अंकात झाली. आणि आज कुणा चाहत्याने त्याला आपल्या चित्रात घेतलं, तर कायद्याच्या काटेकोर भाषेत ती दुसऱ्याच्या मालमत्तेला लावलेली बोटं ठरू शकतात. म्हणूनच या हौशी मंडळींतले जाणते लोक मुखपृष्ठं विकत नाहीत आणि मूळ चित्रकारांची नावं सांगतात. मला विचाराल तर हा शिष्टाचार बऱ्याच कंपन्यांनी आपल्या चित्रकारांशी पाळलेला नाही.

१९७५ मध्ये डीसीने 'सुपर-टीम फॅमिली' नावाचं मासिक काढलं, नायकांच्या जोड्या जमवणारं. पंधरा अंक निघून १९७८ मध्ये ते बंद पडलं. त्या वर्षी डीसीने इतकी मासिकं एकदम बंद केली, की तयार होऊन न छापलेल्या गोष्टींच्या झेरॉक्स प्रतींचे गठ्ठे बांधून त्यांना खुद्द कंपनीनेच 'रद्द झालेल्या अंकांची मिरवणूक' अशा अर्थाचं नाव दिलं. पुढे बऱ्याच वर्षांनी एका चाहत्याने हेच 'सुपर-टीम फॅमिली' नाव उचललं आणि त्या मासिकाचे हरवलेले अंक म्हणून एकामागून एक मुखपृष्ठं करायला घेतली. आता ती हजारोंच्या घरात गेली आहेत. खरे अंक पंधरा.

कंपन्यांनाही हा मोह अनावर झाला. १९९४ मध्ये शाळकरी आर्चीची आणि बंदूकधारी पनिशरची भेट झाली. चाहत्याने केली असती तर लोक टवाळी म्हणाले असते, पण अंक खरोखर छापला गेला. १९९६ मध्ये डीसी-मार्व्हलने आपले नायक लढवले आणि पाच लढतींचा निकाल वाचकांच्या मतांवर सोडला. मग दोघांची पात्रं एकमेकांत मिसळून 'अमाल्गम' नावाची खोटीच कंपनी उभी केली. बॅटमॅन आणि वुल्व्हरिन मिळून एकच माणूस, असे बारा अंक. अंकांत वाचकांची पत्रंही होती, आणि तीही खोटी. कधीच न निघालेल्या मागच्या अंकांबद्दल तक्रारी करणारी.

पण एक अंक वीस वर्षं अडकून पडला होता. डीसीची 'जस्टिस लीग' आणि मार्व्हलचे 'अॅव्हेंजर्स' यांची भेट १९८३ साठी ठरली. चित्रकार जॉर्ज पेरेझ, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये पोर्तोरिकन घरात जन्मलेला, गर्दीची चित्रं काढण्यात हातखंडा. शंभर माणसं काढायची असली की इतर चित्रकार धूर आणि सावल्या काढतात, हा शंभर चेहरे काढायचा. त्याने वीसेक पानं पुरी केली, आणि कथेवरून दोन घरच्या संपादकांत बिनसलं. अंक रद्द. ती पानं चाहत्यांना तुकड्यातुकड्यांनी दिसत राहिली. जे मुखपृष्ठ यायला हवं होतं ते कसं असतं, हे ज्याने त्याने आपापल्या परीने काढून बघितलं.

२००३ मध्ये ते खरोखर आलं. लेखक कर्ट ब्युसीक, चित्रकार पुन्हा पेरेझच. तेव्हा तो जवळजवळ पन्नाशीचा होता. चार अंक. तिसऱ्याच्या मुखपृष्ठावर दोन्ही संघांत तोवर कधीही असलेला प्रत्येक नायक, दोनशेहून जास्त. मग हा ग्रंथही दुर्मीळ झाला, कारण दोन मालकांची संमती दर वेळी नव्याने लागते. डिसेंबर २०२१ मध्ये पेरेझने जाहीर केलं की आपल्याला स्वादुपिंडाचा कर्करोग आहे आणि शस्त्रक्रिया होण्यासारखी नाही. या वेळी दोन्ही कंपन्यांचं लवकर जमलं. अडचणीतल्या कॉमिक्स कलावंतांना मदत करणाऱ्या 'हीरो इनिशिएटिव्ह' या संस्थेसाठी २०२२ च्या मार्चमध्ये पुस्तक पुन्हा छापलं, प्रती फक्त ७,०००. पेरेझ ६ मे २०२२ रोजी गेला. त्या तिसऱ्या मुखपृष्ठावर दोन बोटांच्या जागेत एकेक चेहरा आहे, आणि चाहते अजूनही भिंग घेऊन कोण कुठे उभा आहे ते शोधत बसतात.